हरिहर नगरातला लाल पेला

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. विक्रोळी पूर्वेच्या हरिहर नगरातला हा सोसायटीचा हॉल एरवी बारशी, साखरपुडे आणि वार्षिक सभेतली भांडणं एवढ्यापुरताच उघडायचा. त्या रविवारी मात्र भांडुपपासून घाटकोपरपर्यंतची माणसं चपला हातात धरून उभी होती. कारण कुंडलिक महाराजांचं जलदर्शन होतं.

समोर पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर हळदीच्या पाण्याने भरलेले काचेचे पेले ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक पेल्यापुढे एकेका वस्तीच्या नावाची चिठ्ठी. टेबलामागे कुंडलिक महाराज. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, खांद्यावर रेशमी शाल, कॉलरला माईक.

"पाणी खोटं बोलत नाही, माऊली! माणूस बोलतो, डॉक्टर बोलतो, रिपोर्ट तर हमखास बोलतो. पाणी? कधीच नाही! पाण्याला मेमरी असते, थेंबाथेंबाला फ्रिक्वेन्सी असते. परदेशातले सायंटिस्ट आत्ता कुठे एबीसीडी गिरवतायत, आपले ऋषी पीएचडी करून कधीच मोकळे झाले!"

टाळ्या पडल्या. मग ते एकेका वस्तीचं नाव घेत पेल्यात बोट फिरवू लागले. भांडुप. पाणी पिवळंच. घाटकोपर. पिवळंच. "हरिहर नगर!" असं म्हणून त्यांनी बोट बुडवलं आणि बघता बघता पेला लाल झाला, ताज्या रक्तासारखा लालभडक.

सगळ्या हॉलने एकदम श्वास आत ओढला. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं.

"ताप!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "खोकला! घराघरात! आठ-दहा दिवसांत बघाल! पण घाबरू नका. मी आहे ना? याच हॉलमध्ये उद्यापासून रक्षापाठ. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, व्हायब्रेशन बाहेर जाता कामा नयेत. आणि औषधाची ढाल घेऊन माझ्याकडे यायचं नाही. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो!"

दाराशी उभ्या असलेल्या इरावतीच्या अंगावर काटा आला. पण तो भक्तीचा नव्हता. महाराज म्हणाले ते खरं होतं, आणि ते तिला गुरुवारीच कळलेलं होतं.

इरावती मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. काम ऐकून लोक नाक मुरडायचे. ठरलेल्या गटारांच्या चेंबरमधून आणि पंपिंग स्टेशनवरून सांडपाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत न्यायच्या आणि त्यात श्वसनाच्या आजारांचे विषाणू किती आहेत ते यंत्रावर मोजायचं. खोकल्याच्या आजाराचा गटाराशी काय संबंध, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "लागण झालेल्या माणसाच्या शरीरातून विषाणूचे अंश संडासात आणि मोरीत जातात. कधीकधी त्याला ताप यायच्याही आधी. दवाखान्यात रांग लागायच्या आधी गटाराला कळलेलं असतं." गुरुवारी यंत्राने दाखवलं होतं की हरिहर नगराच्या लाईनमध्ये फ्लूचा विषाणू झपाट्याने वाढतोय.

मग हे या शाल पांघरलेल्या माणसाला कसं कळलं?

पहिल्या रांगेतून तिची सासू प्रेमाबाई डोळे पुसत उठल्या. "बघितलंस गो इरा? तुझ्या मशीनने सांगितलं तेच देवाने सांगितलं!"

इरावतीने शुक्रवारीच वरिष्ठांना, डॉ. देवदत्तांना विचारलं होतं. "सर, निदान हरिहर नगरात तरी सांगू या. म्हातारी माणसं खूप आहेत तिथे. मी स्वतः तिथेच राहते."

देवदत्त मनाने वाईट नव्हते. घाबरट होते. "आकडा वर पाठवलाय. परवानगी आली की जाहीर होईल. तू तोंड उघडलंस आणि पॅनिक झालं तर प्रकल्पच बंद पडेल, इरावती. मग पुढच्या साथी कोण बघणार?"

हे म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. तरी तिने घरी सासूला सांगितलं, आणि समोरच्या दारातल्या नानांना.

नाना म्हणजे विक्रोळीच्या जुन्या कारखान्यातून निवृत्त झालेले लेथवाले. फुप्फुसं केव्हाच थकलेली. खिशात कायम पंप, दम लागला की दोनदा ओढायचा. जिन्यात दोन पायऱ्या चढून एक विनोद सांगायचे, म्हणजे थांबायला निमित्त मिळायचं. सोमवारी संध्याकाळी ते नवा सदरा घालून खाली उतरताना तिला भेटले.

"नाना, मी सांगितलं होतं ना? गर्दीत जाऊ नका. मास्क लावा."

"अगं, सांगितलं होतंस म्हणून तर जातोय!" नाना हसले. "तू म्हणालीस ताप येणार. महाराज पण म्हणाले येणार. म्हणजे माणूस खरा. मग त्याचा उपाय खोटा कसा असेल, तूच सांग!"

"नाना, उद्या पाऊस पडणार हे कुणी बरोबर सांगितलं, म्हणून त्याने दिलेली छत्री फाटकी नसेलच, असं असतं का?"

"वा! हे बाकी झकास बोललीस." आणि नाना रेलिंग धरून पुढे उतरले.

"पंप घेतलात ना?" ती वरून ओरडली.

"घरी ठेवलाय गं. दोन दगडांवर पाय नको!"

ती धावत वर गेली, नानांच्या बायकोकडून, नंदाकाकींकडून, पंप घेतला आणि हॉलवर पोचली. दार आतून बंद होतं. आतून पाठाचा घोष येत होता आणि त्यामागे बारीक बारीक खोकला. तिने दार ठोठावलं. एका स्वयंसेवकाने फट उघडली, पंप बघून मान हलवली आणि फट बंद केली.

पाठ संपायच्या आत घराघरात अंथरुणं पडली. पाठाला बसलेल्यांपैकी निम्मे तरी तापले. नानांना रुग्णालयात नेलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. इरावती नंदाकाकींबरोबर बाहेरच्या बाकावर बसून राहायची. विषाणू कुठल्या जातीचा, कुठल्या चेंबरमधून सगळ्यात आधी दिसला, सगळं तिला माहीत होतं. त्यातलं एक अक्षरही त्या बाकावर कामाचं नव्हतं. नाना गेले. जाताना विनोद वगैरे काही सांगितला नाही. नळी होती तोंडात.

पुढे काही दिवसांनी ताप ओसरला. ओसरणारच होता. साथ चढते आणि उतरते, ते यंत्रावरही दिसत होतं. पण हॉलच्या दारावर फलक लागला: रक्षापाठाने साथ परतवली. आणि नाना? "पुण्यवान जीव," महाराज म्हणाले. "साऱ्या वस्तीचं संकट स्वतःवर घेऊन गेला." नंदाकाकींनी तो शब्द पदराला गाठ मारावी तसा धरून ठेवला.

एके दिवशी जेवताना प्रेमाबाई सहज बोलून गेल्या, "महाराजांना मनातलं कळतं बघ. त्या शनिवारी दर्शनाला गेले होते, तर म्हणाले, प्रेमाताई, चेहऱ्यावर चिंता दिसते. मन मोकळं करा."

इरावतीचा घास हातात राहिला. "मग? केलंत मोकळं?"

"मी काय सांगणार? एवढंच म्हटलं, सूनबाई गटाराचं पाणी तपासते, ती म्हणते आपल्याकडे ताप वाढणार. आणि रविवारी बघते तर काय, शब्दन् शब्द तेच! माझ्या तर अंगावर काटा आला गो."

"आई, अहो, तुम्हीच सांगितलंत त्यांना!"

"मी सांगितलं माणसाला," प्रेमाबाई ठसक्यात म्हणाल्या. "लाल झालं ते पाणी. पाण्याच्या कानात कोण गेलं होतं सांगायला? माका शिकव नको!"

सासूबाई मालवणीवर आल्या की विषय संपला, हे घरात ठरलेलं होतं. नवरा सिद्धेश जहाजावर, तोही फोनवरून एवढंच म्हणाला, "यार इरा, आईशी वाद घालू नको ना." पण पाण्याच्या कानात कोण गेलं, हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर इरावतीला मोरीत मिळालं. डब्याच्या रुमालाला आमटीचा पिवळा डाग पडला होता. तिने त्याला साबण लावला आणि डाग लाल झाला. आयुष्यभर बघितलेली गोष्ट! हळदीला साबण, सोडा, चुना काहीही लागलं की ती लाल होते. पूर्वी घरोघरी हळद आणि चुन्यातूनच तर कुंकू करायचे. महाराजांचं एक बोट कोरडं आणि एका बोटाला चुना, संपलं जलदर्शन.

पण हे नुसतं सांगून कुणी ऐकलं नसतं. फ्रिक्वेन्सीपुढे चुन्याला कोण विचारतो? खबर कुठून येते, तेही दाखवायला हवं होतं. तिने दोन दिवस विचार केला. जे करायचं होतं ते तिला आवडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "आई, या वेळी नाहूरच्या शुभांगण सोसायटीची लाईन फार खराब निघालीय. तिथेच भडकणार बहुतेक."

प्रेमाबाईंनी हळहळून मान हलवली. त्या दुपारी त्या दर्शनाला गेल्या.

रविवारी पुन्हा हॉल भरला. महाराजांनी शाल सावरली, ऋषींना पुन्हा एकदा पीएचडी दिली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. हरिहर नगर, पिवळं. भांडुप, पिवळं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "शुभांगण सोसायटी, नाहूर..." आणि पेला लाल झाला.

"अरेरे! घराघरात खोकला ऐकू येतोय मला! शुभांगणची मंडळी, पुढे या!"

कुणीच उठलं नाही. महाराजांनी पुन्हा हाक दिली. शेवटी मागून एक माणूस उभा राहिला. चंद्रप्रकाश त्याचं नाव, नाहूरहून बायकोला घेऊन आला होता.

"महाराज, शुभांगण तर रिडेव्हलपमेंटला गेली. गेल्या वर्षी पाडली. आता नुसते पत्रे ठोकलेत तिथे. चिटपाखरू नाही."

कुणीतरी खुदकन हसलं.

"वास्तूलाही आत्मा असतो!" महाराज घाईने म्हणाले.

"असेल. पण पत्र्याला खोकला होतो का?" चंद्रप्रकाशने विचारलं, आणि आता बरेच जण हसले.

इरावती टेबलाशी गेली. "महाराज, एक विनंती आहे. हात साबणाने धुवून, नीट पुसून या आणि हाच प्रयोग परत करा."

"साधनेत साबण चालत नाही!"

"मग मी करते." तिने टपरीवरून आणलेली चुन्याची डबी उघडली, बोटाला चुना लावला आणि ते 'घाटकोपर' लिहिलेल्या पेल्यात फिरवलं. पेला लाल. मग 'भांडुप'. लाल. मग राहिलेले सगळे. "घ्या. आता सगळ्या पूर्व उपनगराला ताप. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं, हे इथल्या कुठल्या बाईला माहीत नाही?"

बायकांत कुजबुज पसरली. "लाल होतो की गं." "माझ्या नव्या टॉवेलची वाट लागली होती तशीच."

"आणि हरिहर नगराचं त्यांना कसं कळलं?" ती पुढे म्हणाली. "ते पाण्यानेच सांगितलं होतं, पण या नाही, गटाराच्या. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते तपासतो. तिथून ते यांच्या कानावर गेलं. या वेळी मी मुद्दाम एका रिकाम्या इमारतीचं नाव सांगितलं. ते नावही यांच्याकडे पोचलं आणि यांच्या पाण्याला रिकामी इमारत ओळखता आली नाही."

"कुणी सांगितलं? नाव घ्या!" एक स्वयंसेवक अंगावर आला.

इरावतीने चुन्याची डबी बंद केली. तेव्हा पहिल्या रांगेतून प्रेमाबाई उठल्या. चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मीच. विश्वासाने सांगितलं होतं." मग महाराजांकडे बघून म्हणाल्या, "माझंच बोलणं मला परत विकलंस तू. आणि मी हात जोडून घेतलं."

महाराज कसलेले होते. दोन्ही हात वर करून गरजले, "धन्य! हीच परीक्षा होती! श्रद्धेची परीक्षा! कोण टिकतो आणि कोण पळतो, ते मला बघायचं होतं!" पुढच्या दोन रांगांनी जयजयकार केला. कुणी इरावतीवर ओरडलं, "आमच्याच देवामागे का लागता तुम्ही लोक?" त्या गोंधळात महाराज मागच्या दाराने गाडीत बसले. निम्मा हॉल त्यांच्यामागे गेला. तिने केलेला उलगडा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तरी निम्मा हॉल गेला.

राहिलेल्यांत नंदाकाकी होत्या. त्या सावकाश तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे नानांनी कुणाचं संकट घेतलं नाही?"

इरावतीला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "नाही काकी. बंद हॉलमध्ये सगळे दाटीने बसले, एकमेकांच्या श्वासातून लागण झाली. पंप असता तर त्रास थोडा कमी झाला असता. कदाचित. खात्रीने नाही सांगता येणार."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आम्हा दोन दारांना सांगितलंस. बाकीच्यांना? पाण्याची टाकी धुवायची असते तर खाली नोटीस लागते गं. हे का नाही लावलंस?"

"परवानगी नव्हती, काकी."

"परवानगी," नंदाकाकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्या मेल्याला तरी कुठे परवानगी होती? पण तो बोलला. म्हणून लोक त्याच्याकडे गेले."

हळदीला चुना लावण्याइतकं सोपं उत्तर यावर नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सपना, कडेवर तान्हं मूल घेऊन, म्हणाली, "ताई, मग आत्ता काय आहे आपल्या गटारात?"

इरावतीला देवदत्तांचा चेहरा आठवला. मग तिने ते मूल पाहिलं. "फ्लू उतरलाय. पण लहान मुलांच्या छातीत उतरणारा दुसरा एक विषाणू वाढतोय. सर्दी झालेल्या माणसाला बाळाजवळ येऊ देऊ नका, पापे घेऊ देऊ नका. हात धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. बाळ भरभर श्वास घेतंय, दूध सोडतंय, असं दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जा. गंडा नको, अंगारा नको, आणि उद्यावर ढकलू नका."

सपनाने मान डोलावली. तिच्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "महाराज पण म्हणाले होते, दुसरं संकट येणार म्हणून."

सोमवारी इरावतीला लेखी जाब विचारला गेला. देवदत्त तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या जागी मीही..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. महाराजांनी महिन्याभरात मुलुंडला नवा हॉल धरला. तिथे आता नारळ स्वतःहून पेट घेतो म्हणे. ते कसं होतं, हे सांगायलाही कुणीतरी जाईल, तोवर तिथली किती माणसं पंप घरी ठेवून येतील कोण जाणे.

प्रेमाबाई बरेच दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. "बाबाने फसवलं ते ठीक, तो परका," एवढंच एकदा म्हणाल्या. इरावतीने माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज काय सापडलं?"

"बाळांचं ते अजून वाढतंय, आई."

"आता कुणाला सांगू?"

"सगळ्यांना सांगा. पण पुढचंही सांगा. कुणी पाहिलं, ते सांगा. कशात पाहिलं, कसं मोजलं, ते सांगा. यात चूक होऊ शकते, हेही सांगा. आणि जो माणूस असं काही न सांगता नुसता विश्वास ठेव म्हणतो, मग तो शालीतला असो की ऑफिसातला, त्याला विचारायला सांगा, की बाबा रे, तुला हे कळलं कुठून?"

प्रेमाबाईंनी पदर खोचला आणि त्या जिना उतरून गेल्या. इरावती खिडकीत उभी राहिली. खाली कट्ट्यावर सासूबाई हातवारे करून बोलत होत्या. दोघी बायका ऐकत होत्या, एक हसत होती, आणि बाकीच्या उठून चालल्या होत्या.